वासाचा चहा, दाट चहा : कर्सियांग ते मार्गेरिटा

सोमवार : बागडोगरा ते कर्सियांग

ताईला चहा दाट लागतो. रंग गडद हवा आणि घोट घशाखाली उतरताना जाणवला पाहिजे. मला चहात आधी वास लागतो. रंग फिका असला तरी चालतो, दूध नसलेलंच बरं. आमचा हा वाद जुना आहे. दोघं आपापल्या घरी आपापल्या पद्धतीने चहा करतो, त्यामुळे तो मिटायचं काही कारणही नव्हतं. शेवटी ठरवलं, दार्जिलिंगच्या डोंगरात जायचं, तिथून आसामात उतरायचं आणि वाटेत मिळेल तो चहा एकाच मापाने करून, शेजारी शेजारी ठेवून प्यायचा.

मे महिन्याचा शेवट मुद्दाम निवडला. दार्जिलिंगमध्ये फेब्रुवारीअखेरपासून एप्रिलपर्यंत पहिल्या बहराची खुडणी चालते, तिला फर्स्ट फ्लश म्हणतात. मे-जूनमध्ये दुसरा बहर येतो, तो सेकंड फ्लश. आसामचा सगळ्यात नावाजलेला चहाही याच दिवसांत तयार होतो. म्हणजे मेअखेरीस गेलं, की पहिल्या बहराचा चहा दुकानात असतो आणि दुसऱ्या बहराचा कारखान्यात.

सामानात छोटा वजनकाटा, पांढरे पेले, झाकायला बशा, बारीक गाळणी, विजेची किटली आणि स्वयंपाकघरातला थर्मामीटर घेतला. पेले पांढरेच हवेत, नाहीतर चहाचा खरा रंग कळत नाही. चहा पारखण्याची एक आंतरराष्ट्रीय पद्धत आहे, आयएसओ ३१०३. तिच्यात १०० मिलिलिटर पाण्याला २ ग्रॅम चहा घेतात आणि तो सहा मिनिटं झाकून ठेवतात. एखादा चहा सगळ्यात रुचकर कसा लागेल, हे ती पद्धत सांगत नाही. दोन चहांची तुलना करताना कुणावर अन्याय होऊ नये, एवढ्यासाठी ती आहे, आणि आम्हाला तेवढंच हवं होतं.

बागडोगऱ्याहून निघाल्यावर आधी तराईतले मळे लागतात. सपाट जमीन, वर सावलीची उंच झाडं, खाली कमरेइतकी छाटलेली झुडपं. मग पंखाबारीची वाट सुरू होते आणि गाडी एकदम उभ्या चढाला लागते. वाटेत मकाईबारीची बाग आली, १८५९ पासूनची. इथे झुडपं उतारावर चिकटून उभी आहेत आणि पानं खालच्या मळ्यांपेक्षा लहान. ताईने गाडीतूनच विचारलं, "झाडं वेगळ्या जातीची आहेत का?" वेगळीच आहेत. दार्जिलिंगच्या जुन्या बागांत मुख्यतः चिनी वाण आहे, लहान पानांचं आणि थंडी सोसणारं. आर्चिबाल्ड कॅम्पबेल या डॉक्टरने १८४१ मध्ये दार्जिलिंगला चहाचं बी लावून पाहिलं, ते याच वाणाचं.

संध्याकाळी उतरलो त्या घरच्या बाईंनी चहा आणला, तो दुधाचा, आलं घातलेला आणि सीटीसीचा, म्हणजे यंत्रात चिरडून दाणेदार केलेल्या पत्तीचा होता. खिडकीतून दार्जिलिंग चहाचे मळे दिसत होते आणि पेल्यात खालच्या मैदानातला चहा. घरात रोज हाच होतो, असं त्या म्हणाल्या. ताईने दोन पेले घेतले.

मंगळवार : कर्सियांग

सकाळचं धुकं नऊच्या सुमारास फाटलं. कर्सियांग साधारण १,४८० मीटरवर आहे आणि आजूबाजूच्या उतारांवर दार्जिलिंगमधल्या काही फार नावाजलेल्या बागा आहेत. एका बागेत आधी विचारून ठेवलं होतं. तिथल्या तरुण व्यवस्थापकांनी आम्हाला आधी उतारावर नेलं. कारखाना नंतर, म्हणाले.

बायकांची खुडणी चालू होती. पाठीवर डोको, म्हणजे बांबूची शंकूसारखी टोपली, आणि तिचा भार कपाळावरून घेतलेल्या नाम्लोच्या पट्ट्यावर, त्यामुळे दोन्ही हात मोकळे. दोन पानं आणि कळी धरायची, टच्‌ करून मोडायची, मूठ भरली की खांद्यावरून मागे टाकायची. पाय मात्र तिरक्या जमिनीवर रोवलेले. एका दिदीने ताईला थोडं खुडू दिलं. ताईची मूठ भरेपर्यंत दिदीच्या दोन टोपलीत पडल्या होत्या. सुमारे साडेचार किलो ओला पाला खुडला, तर एक किलो तयार चहा होतो. त्या उतारावर उभं राहिल्यावर या आकड्याचं वजन कळतं.

मला बघायची होती ती एक बारीक गोष्ट. व्यवस्थापकांनी एक फांदी वाकवून दाखवली. कोवळ्या पानाच्या कडा पिवळट पडून आत वळल्या होत्या आणि पान बाकीच्यांपेक्षा खुरटलं होतं. पान उलटताच तांदळाच्या कणीहून लहान, हिरवा किडा तिरका उडाला. हे तुडतुडे. ते पानाचा रस शोषतात. त्यांनी आणि फुलकिड्यांनी डिवचलेलं झाड बचावासाठी पानात सुगंधी द्रव्यं वाढवतं, आणि दुसऱ्या बहराच्या दार्जिलिंग चहाला मस्कटेल म्हणतात तो पिकल्या द्राक्षांसारखा वास त्यातून येतो. पाला कमी निघतो, पण वास मिळतो. इतर पिकांत फवारणी करून घालवतात तो किडा इथे थोडासा असावा असं वाटतं. फार वाढला तर मात्र पीकच जातं.

मग कारखाना. वरच्या मजल्यावर लांबलचक जाळ्यांवर पाला पसरलेला आणि खालून पंख्यांचा वारा. चौदा ते अठरा तास पान असं सुकवतात. जिन्यावरून वर आलं की आधी नुकत्याच कापलेल्या गवताचा वास येतो. आदल्या संध्याकाळी पसरलेल्या पाल्यापाशी गेलो, तर तिथला वास पूर्ण वेगळा, फुलांचा आणि कच्च्या सफरचंदाचा. ताई तिथे बराच वेळ थांबली.

"हा वास पेल्यात का येत नाही?" तिने विचारलं.

"येतो, दीदी. पाणी थोडं आणि दूध अजिबात नाही, असं करून बघा," ते म्हणाले.

सुकलेलं पान पितळी पट्ट्या बसवलेल्या गोल मेजावर मळतात. पेशी फुटल्या की आतला रस हवेशी भेटतो आणि पान तांबूस व्हायला लागतं. ते कुठे थांबवायचं, हीच चहा करणाऱ्याची कसोटी. थांबवण्याचं काम भट्टी करते. ११५ अंशांच्या आसपास गरम हवा लागली की पानातली विकरं निकामी होतात आणि चहा तिथेच ठरतो. पहिल्या बहराचं पान आधीच इतकं कडक सुकवलेलं असतं, की त्यात ही क्रिया पूर्ण होतच नाही. म्हणून काळा चहा म्हणून विकला जात असला तरी फर्स्ट फ्लशच्या पत्तीत हिरवी पानं दिसतात.

शेवटी चव बघायचं मेज. झाकणाचे पांढरे पेले ओळीने मांडलेले, प्रत्येकापुढे एक वाडगा. पेला झाकणासकट वाडग्यात आडवा करतात, चहा गळून येतो आणि भिजलेलं पान झाकणावर उलटं काढून ठेवतात, कारण तेही बघायचं असतं. एकाच बागेचे तीन चहा लावले होते, या वर्षीचा पहिला बहर, चार दिवसांपूर्वीचा दुसरा आणि गेल्या नोव्हेंबरमधला शरदातला. चमच्याने घेऊन जोरात सुर्रकन ओढायचा, म्हणजे हवा मिसळून वास टाळूमागून नाकात चढतो, आणि मग थुंकायचा. ताईला थुंकणं जमेना. तिने सगळेच प्यायले.

पहिल्या बहराचा रंग फिका, हिरवट सोनेरी. वास असा, की पेला तोंडाजवळ यायच्या आधीच पोचला, फुलांचा आणि ओल्या गवताचा. चव स्वच्छ, जिभेच्या कडांवर हलका तुरटपणा. ताई म्हणाली, "वास आहे रे, पण घोट कुठंय?"

व्यवस्थापकांनी हे फार गांभीर्याने घेतलं. घोटाचा भरीवपणा आणि गडद रंग पान हवेत पूर्ण तांबूस होताना तयार होणाऱ्या द्रव्यांमुळे येतो, त्यांना थिआरुबिजिन म्हणतात. पहिल्या बहराच्या चहात ती क्रिया मुद्दामच अर्धवट ठेवतात, तेव्हा तिथे घोट शोधणाऱ्याला तो मिळणार नाही. ताईची तक्रार जिभेच्या दृष्टीने अगदी बरोबर होती, आणि तिला कारणही मिळालं.

दुसरा बहर मध्यम तांबूस. त्यात द्राक्ष होतं, मध होता आणि शेवटी लाकडासारखा किंचित सुका तुरटपणा. माझा शोध इथे संपला असता तरी चाललं असतं. शरदातला चहा तांब्याच्या रंगाचा, वास कमी, पण गोल आणि गोडसर. ताईने तोच परत मागितला.

बुधवार : छोट्या गाडीने दार्जिलिंग

कर्सियांगहून दार्जिलिंगला दोन फूट रुंदीच्या रुळांवरची गाडी घेतली. हा मार्ग १८८१ मध्ये पूर्ण झाला आणि १९९९ पासून युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत आहे. तुंग, सोनादा करत, दुकानांच्या पायऱ्यांना जवळजवळ घासत गाडी चढते. घूम २,२५८ मीटरवर, तिथून दार्जिलिंगकडे उतार. बतासिया लूपला ढग होते, कांचनजंगा दिसला नाही.

संध्याकाळी एका तिबेटी खानावळीत लोण्याचा चहा मागवला. पत्ती बराच वेळ उकळून गडद काढा करतात, त्यात लोणी आणि मीठ घालून घुसळतात. वर तेलकट साय, रंग फिका तपकिरी. मला तो चहा म्हणून भावला नाही. चहाचा वास लोण्याखाली पूर्ण गेला होता. ताईला आवडला आणि तिने कारणही सांगितलं. चहाचा तुरटपणा लोण्याला कापतो, म्हणून लोणी जड वाटत नाही. दूध-साखरेतही चहा तेच काम करतो, असं तिचं म्हणणं. मला हे पटलं. थंड, कोरड्या उंचीवर दिवसभर राबणाऱ्या माणसाला उष्मांक आणि मीठ देणारं पेय हवं. तिथे माझा फिका फुलांचा चहा काय कामाचा?

गुरुवार : दार्जिलिंग

सकाळी हॅपी व्हॅलीची बाग. १८५४ ची, शहराच्या अगदी खाली, चालत जाता येते. कर्सियांगला सगळं सविस्तर पाहिलं होतं, म्हणून इथे फार रेंगाळलो नाही. दुपार चौरस्त्याजवळच्या चहाच्या दुकानांत गेली.

दुकानातल्या बरण्यांवर एसएफटीजीएफओपी१ अशी लांबलचक अक्षरमाळ असते. ती पानाचा आकार आणि कळ्यांचं प्रमाण सांगते. चव त्यातून कळत नाही. वाण कोणतं, बहर कोणता आणि साल कोणतं, हे विचारावं. दार्जिलिंग हे नाव फक्त इथल्या नोंदणी झालेल्या ८७ बागांच्या चहाला लावता येतं. भारतात भौगोलिक मानांकन मिळालेली ही पहिली वस्तू, २००४ मध्ये. उत्पादन मात्र घटत चाललंय. कधी काळी वर्षाला एक कोटी किलोच्या वर जायचं, ते आता ७० लाख किलोच्याही खाली आलंय. २०१७ मध्ये डोंगरात १०४ दिवस बंद होता आणि तो नेमका दुसऱ्या बहराच्या हंगामात सुरू झाला. त्या वर्षीचा मस्कटेल बहुतेक झाडांवरच राहिला. दुकानदार हे सांगताना बरणीचं झाकण उघडबंद करत होते. त्या वर्षानंतर बाहेरचे काही गिऱ्हाईक दुसऱ्या चहाकडे वळले, ते परत आले नाहीत, असं ते म्हणाले.

संध्याकाळी खोलीतल्या मेजावर पेले मांडले. पाण्याला उकळी फुटली तेव्हा थर्मामीटर ९३ अंशांवर होता. दार्जिलिंगची उंची २,००० मीटरच्या वर, हवेचा दाब कमी, त्यामुळे पाणी त्याहून जास्त तापतच नाही. ही नोंद वहीत ठळक केली. पुढे ती उपयोगी पडली.

आधी दुसऱ्या बहराचेच दोन चहा, एक जुन्या चिनी झुडपांचा आणि दुसरा एव्ही२ या निवडून वाढवलेल्या वाणाचा. एव्ही२ चा वास इतका उघड, की ताईलाही लगेच आवडला. फुलंच फुलं, आणि तीही पहिल्या घोटातच. चिनी झुडपांचा चहा आधी काही बोलत नाही. निवत गेला तसा त्यातून एकेक वास निघू लागला, आधी द्राक्ष, मग सुकी लाकडं, मग काहीतरी मसाल्याचं. कोमट झाल्यावर तो सगळ्यात छान लागला. माझ्या मते चहाची खरी परीक्षा कोमट असताना होते. गरम चहात उष्णताच अर्धी चव असते. ताईला हे अजिबात मान्य नाही. गरमपणा हा चहाचा भागच आहे, असं तिचं म्हणणं, आणि ती चहा गार होऊ देतच नाही. मग आम्हाला एकच चहा कसा आवडणार? तिला आवडणाऱ्या चहाने पहिल्या वाफाळत्या घोटातच सगळं द्यायला हवं, माझ्याला सवड आहे. इतक्या वर्षांत हे आमच्या ध्यानात आलं नव्हतं.

मग पांढरा चहा. फक्त कळ्या सुकवून वाळवलेल्या, मळणं नाही. रंग जवळजवळ पाण्याचा, चव नाजूक, गोडसर. मला वाटलं होतं मी याच्या प्रेमात पडेन. पण त्यात तुरटपणा इतका कमी, की वासाला टेकायला जागाच नाही. वास आला आणि गेला. तुरटपणा चहात उणा नसतो, तो बाकी चवींना धरून ठेवतो, हे त्या पेल्याने दाखवलं.

शेवटी इथल्याच एका बागेचा ऊलाँग, अर्धवट तांबूस केलेला. यावर आमचं एकमत झालं. मला वास पुरेसा, ताईला घोट पुरेसा. पण ताईने तोच पुन्हा एकदा केला आणि म्हणाली, "आवडला. पण रोज सकाळी हा देशील तर नको." खरं आहे. मलाही तो रोज नको. दोघांना चालणारा चहा दोघांचाही पहिल्या पसंतीचा नव्हता.

शुक्रवार : न्यू जलपायगुडी, गाडी

दुपारी उतरलो. खाली उकाडा. मरियानीची रात्रीची गाडी. फलाटावरचा आणि गाडीतला दुधाचा चहा पीत राहिलो. वजन नाही, माप नाही, वेळ नाही. प्रवासात तो हवाच असतो.

शनिवार : जोरहाट

मरियानीहून जोरहाट जवळ आहे. सगळं सपाट, हवा दमट, आणि मळे डोळा पोचेल तिथवर. वर शिरीषाची सावली. इथलं पान तळहाताएवढं, आसामचं स्वतःचं वाण. ते कुणी बाहेरून आणलेलं नाही. १८२३ मध्ये रॉबर्ट ब्रूस या स्कॉटिश व्यापाऱ्याला तिथल्या सिंगफो जमातीचे प्रमुख बिसा गाम यांच्याकडून या झाडाची माहिती मिळाली. त्याला तिकडे धाडलं मणिराम दिवाण यांनी. हेच मणिराम पुढे जोरहाटजवळ चिनामारा इथे स्वतःचा मळा उभारणारे पहिले भारतीय मळेवाले झाले, आणि १८५८ मध्ये याच जोरहाटात इंग्रजांनी त्यांना फाशी दिलं. आसामच्या चहाच्या आठ पेट्यांचा पहिला लिलाव लंडनमध्ये १० जानेवारी १८३९ ला झाला. त्या कहाणीत मणिराम यांचं नाव पहिलं यायला हवं.

मळ्यांतलं घड्याळ इथे एक तास पुढे असतं, त्याला बागान वेळ म्हणतात. सूर्य लवकर उगवतो, काम लवकर सुरू होतं. दुपारी ज्या मळ्यात गेलो तिथे दिवस संपत आला होता. डोंगरात बायका उभ्या उतारावर झुंजत होत्या, इथे जमीन सपाट आहे, पण वाफ निघेल असा दमटपणा आणि पावसाळ्यात जळवा. कष्ट फक्त जागा बदलतात.

व्यवस्थापकांनी दुसऱ्या बहराचा ऑर्थोडॉक्स चहा दाखवला, म्हणजे डोंगरातल्यासारखाच मेजावर मळलेला, सोनेरी कळ्या मिसळलेला. पेल्यात लालभडक तांबडा. वास भाजलेल्या धान्याचा, गोड. घोट भरीव, जिभेवर पसरणारा, आणि त्यावर चमकदार तुरटपणा. ताई पहिल्या घोटानंतर काही बोलली नाही. दुसऱ्या घोटानंतर म्हणाली, "याला दूध नाही घातलं तरी चालेल."

आजवर तिने चहाबद्दल असं वाक्य उच्चारलेलं मला आठवत नाही.

पेला निवला तशी एक गंमत दिसली. लाल पारदर्शक चहा हळूहळू गढूळ झाला, अगदी थोडं दूध पडल्यासारखा. चहातलं कॅफीन आणि तांबूस द्रव्यं थंड होताना एकमेकांना धरतात आणि पाण्यातून सुटतात. परीक्षकांना हे आवडतं, कारण असा चहा जोरकस असतो. आमच्याकडच्या दार्जिलिंगचा पेला शेजारीच निवत होता, तो शेवटपर्यंत निवळ राहिला. वासाचा चहा आणि दाट चहा यांतला फरक इतका उघड दुसरीकडे पाहायला मिळाला नव्हता.

रात्री मुक्कामी वहीतली ती नोंद काढली. जोरहाट समुद्रसपाटीपासून जेमतेम शंभरएक मीटरवर. इथे पाणी जवळजवळ १०० अंशांना उकळतं. दार्जिलिंगला ९३ अंशांवर केलेला तोच पहिल्या बहराचा चहा, तेच वजन, तेवढीच मिनिटं, फक्त पाणी इथल्या उकळीचं. चहा ओळखू येईना. वास दबलेला, कडवटपणा पुढे आणि तुरटपणा घसा कोरडा करणारा. मग पाणी ८८ अंशांपर्यंत निवू दिलं आणि वेळ तीन मिनिटांवर आणली. फुलं परत आली. फर्स्ट फ्लश विकत घेऊन मैदानात खळखळत्या पाण्यात करणाऱ्याला तो कडू लागतो आणि तो चहालाच नावं ठेवतो. दोष किटलीचा असतो. उलट आसामचा ऑर्थोडॉक्स ८८ अंशांवर अगदी मिळमिळीत झाला. त्याला पूर्ण उकळीच लागते.

मग ताईच्या आग्रहाने तिसरी चाचणी. आसामची सीटीसी पत्ती आणि दार्जिलिंगचा दुसरा बहर, दोन्हींत सारखं गरम दूध. दार्जिलिंग नाहीसाच झाला. राहिलं ते रंगीत दूध. सीटीसी कोरी असताना नुसती करकरीत, तुरट, अंगावर येणारी होती. दूध घातल्यावर तिचे काटे मोडले आणि गोड, भरीव, लालसर चहा तयार झाला. दुधातली प्रथिनं तुरट द्रव्यांना बांधून टाकतात. ज्या चहात तुरटपणा मुबलक आहे तो त्यातूनही उरतो, ज्यात बेताचा आहे तो संपतो. तेव्हा दूध घालणाऱ्याने सीटीसी घ्यावी, यात काही कमीपणा नाही. ती दुधासाठीच आहे. महागडा दार्जिलिंग दुधात घालणं मात्र मला बघवत नाही, आणि हे मी ताईला पुन्हा एकदा सांगितलं.

रविवार : आमगुरीमार्गे मार्गेरिटा

दिवसभर रस्ता. जोरहाट आणि शिवसागर यांच्यामध्ये आमगुरी लागतं. १९३० मध्ये तिथल्या मळ्यात विल्यम मॅकर्चर यांनी सीटीसीचं यंत्र बनवलं. क्रश, टेअर, कर्ल, म्हणजे दातेरी रुळांमधून पान चिरडत, फाडत, वळवत न्यायचं. पत्ती झटपट उतरते, रंग गडद देते आणि थोडी पुरते. आज देशातला बहुतांश चहा असाच होतो. ताईने गाडी थांबवायला लावली. रविवार, मळा बंद, बघण्यासारखं काही नव्हतं. रस्त्याकडेच्या टपरीवर सीटीसीचा दुधाचा चहा घेतला आणि ताईने तो उभ्यानेच, मन लावून प्यायला. मीही प्यायलो, आणि चांगला होता.

डिगबोईनंतर मळ्यांमागे जंगल दिसू लागलं.

सोमवार : मार्गेरिटा

सिंगफो वस्तीत एका घरी गेलो. इंग्रज येण्याच्या कितीतरी आधीपासून हे लोक चहा करतात, त्याला फालाप म्हणतात. कोवळी पानं तापल्या कढईत परततात, हाताने मळतात, उन्हात वाळवतात, मग बांबूच्या नळीत ठासून भरतात आणि नळी चुलीवर धुरात टांगून ठेवतात. महिने जातात, कधी वर्षं. आत चहाची घट्ट कांडी होते.

घरातल्या आजींनी नळी फोडून सुरीने चकती कापली. काळपट तपकिरी, पानांचे थर स्पष्ट दिसत होते, कडेला बांबूच्या आतल्या पापुद्र्याची पांढरट रेघ. कांडी हातात दिली तेव्हा बोटांना धुराचा वास लागला तो संध्याकाळपर्यंत राहिला. चकतीचा तुकडा किटलीत, वर गरम पाणी. दूध नाही, साखर नाही, आणि वजनकाटा बाहेर काढायचं आमच्या मनातही आलं नाही.

पहिला पेला सोनेरी, धुराचा, मातकट. ताईला हा आवडला. त्याच तुकड्यावर परत पाणी घातलं, धूर मागे गेला, लाकूड आणि गोडवा पुढे आला. तिसऱ्या पाण्याला त्यात सुक्या फळाचा बारीक वास आला आणि तुरटपणा अगदी थोडा, पण होता. मी तिथेच थांबून राहिलो. एकाच तुकड्यात ताईचा चहा आधी आला आणि माझा नंतर. आजींना आमचा वाद दुभाष्यामार्फत सांगितला. त्यांनी ताईला पहिलं पाणी आणि मला तिसरं, असं वाढायला सुरुवात केली, आणि जेवण होईपर्यंत तसंच वाढत राहिल्या.

मंगळवार : दिब्रुगड

विमान दुपारचं. सकाळी बाजारात शेवटची खरेदी. ताईने दुसऱ्या बहराचा आसाम ऑर्थोडॉक्स घेतला, सकाळचा पहिला चहा कोरा घ्यायचा म्हणून, आणि चार वाजताच्या दुधाच्या चहासाठी सीटीसी, जाड दाण्याची. बारीक भुकटीचा रंग फार लवकर उतरतो, हे तिने टपऱ्यांवर विचारून विचारून पक्कं केलं होतं. माझ्या पिशवीत चिनी झुडपांचा दुसरा बहर आणि फालापची कांडी. फर्स्ट फ्लश थोडाच घेतला. त्याचा वास काही महिन्यांत उतरतो, साठवून ठेवण्यात अर्थ नाही. एव्ही२ ताईसाठी घेतला, तिने मागितला नव्हता.

विमानतळावर बसल्या बसल्या तिने वहीत आपल्या चहांपुढे पाण्याचं तापमान आणि मिनिटं लिहून घेतली. एव्ही२ पुढे तिने आधी "दूध?" असं लिहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि प्रश्नचिन्हासकट ते खोडून टाकलं.